भरतअण्णाची आजची तारीख

भरतअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या स्क्रीनवर त्याचंच नाव होतं. नवी फाइल उघडून मी त्याची ठरलेली तीन अक्षरं टाइप केली, टॅब दाबलं, आणि रोजच्यासारखा मजकूर उमटला... लेखक: भरत, खाली आजची तारीख. पलीकडून त्याचा भाऊ म्हणाला, “अण्णा गेला गं. सकाळी छातीत कळ आली.” मी त्या तारखेकडं बघत नुसतं व्हय, व्हय म्हणत राहिले.

बेळगावच्या आमच्या लहानशा ऑफिसात कोड लिहिणारे आम्ही चौघं. तेच तेच पुन्हा लिहायचा अण्णाला लई कंटाळा, म्हणून कोड लिहायच्या एडिटरमध्ये त्यानं सगळ्यांसाठी शॉर्टकट करून ठेवलेले. दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की अख्ख्या ओळी तयार. फाइलच्या माथ्यावरचा शॉर्टकटही त्याचाच. तारीख एडिटर आपोआप घालायचा, नाव मात्र त्यानं कायमचं स्वतःचं टाकलेलं. “आमच्या कामालाबी तुझंच नाव व्हय रं?” मी एकदा तणतणले. तो म्हणाला, “चूक निघाली तर शिव्या मलाच बसू देत की.” नावाखाली त्यानं एक प्रश्नही टाकलेला, उत्तर लिहीपर्यंत कर्सर तिथंच अडायचा: हे कशासाठी? मी नंदगडहून नवी आले तेव्हा माझ्या खुर्चीमागं उभा राहून तो हेच विचारायचा, तोंडात कायम वेलदोडा. वासावरूनच कळायचं, अण्णा मागं आहे.

तो गेल्यावरही नाव येत राहिलं. नव्या फायली, नव्या तारखा. एका सोमवारी पुण्याच्या गिऱ्हाइकानं फाइलवरची तारीख बघून फोनवर विचारलं, “तुमचे भरत रविवारीही काम करतात?” रविवारी मीच बसले होते. पुढं टॅब दाबलं की मानेशी कुणीतरी उभं आहेसं वाटायचं, वेलदोड्याचा वास यायचा... वळून बघावं तर कुणी नाही. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. पण ते नाव काढायची भीती त्याहून मोठी होती. ते काढलं की तो खरंच गेला असता.

मग बोरगावहून अण्णाची बायको, पद्मावैनी, त्याचं सामान न्यायला आली. डबा, चष्मा, वेलदोड्याची डबी. “काय काम करायचे ते दाव की,” म्हणाली. मी टॅब दाबलं. ती वाकून वाचत राहिली.

“तारीख आजचीच न्हाय का?”

“व्हय, वैनी.”

“दर रविवारी येतो म्हणायचे. मी जेवायची थांबायची.” तिनं पदरानं त्याच्या नावावरची धूळ पुसली. “काढ गं हे. ह्यास्नी आता तरी सुटी दे.”

ती गेल्यावर मी नाव काढलं. आता ती जागा कोरी येते. काल तिथं पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. कर्सर खाली सरकला: हे कशासाठी? डबी तर केव्हाच बोरगावला गेली होती, तरी वेलदोड्याचा वास आला. मी वळले नाही. “सांगते, अण्णा,” म्हणाले, आणि उत्तर लिहायला घेतलं.