मानाचे पट्टे

सांगलीत आमचं चामडी मालाचं होलसेल दुकान आहे. बेल्ट, पाकिटं, बॅगा, थंडीत जॅकेटं. दुकान आमच्या ह्यांचं, तोंड माझं. गिऱ्हाईक आलं की हे खोकी उघडतात आणि मी बोलते. माझ्यापुढं गिऱ्हाईक टिकतच नाही, असा माझा तोरा होता. तो उंब्रजच्या एका लग्नात पार उतरला.

तिथले एक रिटायर सुभेदार लेकीच्या लग्नात द्यायला काहीतरी शोधत आले. "टॉवेल-टोपी दिली की लोक त्याची फडकी करत्यात, वहिनी. पुरुषमाणसांना टिकाऊ कायतरी द्या." मी बेल्ट पुढं केला. काडी ओढून टोक जाळलं आणि केस जळल्यासारखा तो वास त्यांच्या नाकाखाली धरला. रेक्झिन असतं तर वितळलं असतं, हे अस्सल. सुभेदार खूश. "द्या दोनशे. सगळ्यांना एकसारखा, मोठा-धाकटा भेद न्हाई."

हे मागून म्हणाले, "अगं, पाहुणे कुठले ते तरी विचार." मी डोळे वटारले. चालून आलेल्या लक्ष्मीला गाव विचारतात का?

लग्नाला आम्हालाही आग्रहाचं बोलावणं होतं. जरीची साडी नेसून मांडवात शिरले आणि जागीच थबकले. नवरदेवाकडची मंडळी आटपाडीकडची, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली. पुढच्या दोन रांगा मानकऱ्यांच्या आणि त्या दोन्ही रांगांत एकजात धोतरं. धोतराला बेल्ट लावायचा कुठं, कपाळाला? हे माझ्याकडं बघेनात, पण ओठ हलत होते. मला उद्देशूनच असणार.

मानपान सुरू झाला. मानाची वस्तू जागच्या जागी अंगावर चढवायची, ही रीत. नुसती बाजूला ठेवली तर देणाऱ्याचा अपमान, अंगावर चढेना अशी दिली तर घेणाऱ्याचा. पहिला मान नवरदेवाच्या आजोबांना. सुभेदारांनी कुंकू लावलं, पट्टा हातावर ठेवला आणि तेव्हा कुठं त्यांची नजर धोतरावर गेली. चेहरा पांढराफटक पडला.

"थट्टा लावलीया व्हय आमची?" रांगेतनं एक जण गरजला. चौघं उठून उभे राहिले. अक्षता अजून पडायच्या होत्या. माझ्या जिभेपायी पोरीचं लग्न मोडतंय, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला. सुभेदारांना वाचवायला मी पुढं झाले.

"आवं बाबा, चूक माझी हाय. मीच गळ्यात मारलेत हे पट्टे. त्यांना बोल लावू नका."

आजोबांनी पट्टा नाकाशी नेला, अंगठ्यानं दाबला. "म्हशीचं हाय," म्हणाले. "कमावलंय बी चांगलं." मग उठले, धोतरावरून पट्टा आवळला, बक्कल लावलं आणि दोन पावलं चालून बघितलं. "लय झ्याक. आता नाचलो तरी धोतर सुटायचं न्हाई."

सगळा मांडव हसला. उभे राहिलेले चौघे मुकाट खाली बसले. लगोलग आमच्या ह्यांना कामाला जुंपण्यात आलं. हे म्हाताऱ्यांना पट्टे बांधत सुटले. मघाशी गरजलेले गृहस्थ म्हणाले, "जरा सैल ठेवा, अजून जेवायचं हाय."

सुभेदार हात जोडून आजोबांपुढं उभे होते. "चुकलं, बाबा. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

आजोबांनी त्यांचे हात धरले. "तुमी पोटची पोरगी देताय. ती घेताना आमी आढेवेढे घेतलं न्हाईत, आन पट्ट्यावरनं रुसू व्हय?"

तेवढ्यात नवरी आतून आली आणि आजोबांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला खांद्याला धरून बापाकडं वळवलं.

"आधी त्येच्या," म्हणाले.