औषध घेतलं का?

"आ कर. मोठ्ठा आ."

दारात आलेल्या प्रत्येक मुलाच्या तोंडाला ती आधी नाक लावायची. दूध नासलंय का ते पाहायला आपण पातेलं नाकाशी धरतो ना, तसं. मग मोबाइलच्या उजेडात घसा बघायची, आणि मग प्रश्न विचारायची. प्रश्न मुलाला, आणून सोडणाऱ्याला नाही.

बिबवेवाडीत आमच्या शेजारच्या सोसायटीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं पाळणाघर होतं. सात मुलं. ती मूळची अमरावतीकडची. मुलं मावशी म्हणायची म्हणून आम्ही पालकही मावशीच म्हणायचो. माझं लहानपण कसबा पेठेतलं. पाणी पिताना भांड्याला ओठ लागला तर आमची आई काही बोलायची नाही, नुसती बघायची. तेवढं पुरायचं. तेव्हा या बाईची मला किळस यायची, हे आधीच सांगून टाकतो.

कुणा एकाचा घसा धरला की ती सगळ्यांनाच मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावायची. रांगेने, एका निळ्या टबात. प्रत्येकाचं झालं की स्वतः टबावर वाकून बघायची.

"निघाला, निघाला बेडका! शाब्बास माही बाई!"

मुलं टाळ्या वाजवायची. मी बाहेर लॅपटॉपची बॅग छातीशी धरून, सकाळचे पोहे वर येऊ नयेत म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभा. दुसऱ्याच्या अंगातून निघालेल्या कशाचीच शिसारी नसलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला ती लांबूनच बरी वाटतात.

वास घेण्याचं कारण मला पुढे कळलं, आणि तेही पकडला गेल्यावर. तापलेल्या मुलाला सकाळी औषध पाजायचं, अंग जरा निवलं की पाळणाघरात सोडायचं आणि ऑफिस गाठायचं, ही आम्हा नोकरदार आईबापांची जुनी युक्ती. तीन-चार तास निभतात. पण त्या औषधाला संत्र्याच्या गोळीचा वास असतो. त्या दिवशी माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीचं तोंड हुंगून मावशी सरळ उभी राहिली.

"औषध पाजून आणलं ना, भाऊ?"

"अहो, किंचित कणकण होती. खबरदारी म्हणून."

"मंग घरी न्या. दुपारी ते उतरते अन् पोट्टी फणफणते. बाकीच्यायनं काय करावं?"

"मावशी, मला खराडीला ऑफिसात पोचायचंय. आपण जरा समजून घ्या."

"समजलं म्हणूनच म्हणून राहिली," ती म्हणाली, आणि पुढच्या मुलाला आ करायला सांगितलं.

माझी बायको सातच्या बसने चाकणला कंपनीत जाते, त्यामुळे रजा मलाच टाकावी लागली. दिवसभर मी मनातल्या मनात मावशीला शिव्या घातल्या. माझ्या मुलीला पोट्टी म्हणते, ही तक्रारसुद्धा त्यातच जमा केली.

पुढच्या महिन्यात मुलीचा घसा धरला. सकाळी गिळवेना, अंग गरम, आणि मला परदेशी लोकांसमोर काम दाखवायचं होतं. या वेळी मी शहाणा झालो होतो. औषध पाजलं, मग दोनदा दात घासले, वर बडीशेप चघळायला दिली. गाडीवर समोर उभं करून तिला सांगितलं, "मावशींनी विचारलं, औषध घेतलं का, तर नाही म्हणायचं. घसा दुखतोय का, तरी नाही. मग संध्याकाळी चमकणारे स्टिकर."

दारात हुंगणं झालं. बडीशेपेचा वास. उजेड आत गेला.

"लाल दिसते."

"काल आइस्क्रीम खाल्लं," मी म्हणालो.

माझ्याकडे न बघताच तिने हात हलवला. मायबापाला विचारून काही फायदा नाही, हे ती आमच्या तोंडावर म्हणायची. ती मुलीसमोर उकिडवी बसली. "तू सांग वं माय. औषध घेतलं का आज?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "नाही."

"दुखते?"

"नाही."

"ये मंग आत," मावशी म्हणाली. पोरीचा शब्द तिला पुरला.

काम छान झालं, टाळ्याही पडल्या. फोन बंद ठेवला होता, तो सुरू केला तर मावशीचे पाच फोन येऊन गेलेले. पोचलो तेव्हा मुलगी तिच्या मांडीवर होती, लालभडक, उठायचंही त्राण नसलेली. मावशी चमच्याने कोमट पाणी घालत होती. ते गिळवलं नाही. मावशीने पटकन ओंजळ पुढे केली आणि माझी मुलगी त्या ओंजळीत थुंकली. चिकट, पिवळट. मी तोंड फिरवलं.

"सकायी बरी होती हो," ती म्हणाली. हात तसाच धरलेला. "मले वाटलं आइस्क्रीमनं लाल असंन. माह्या ध्यानात यायला पाहिजे होतं. चुकलंच माहं, भाऊ."

आणि मी म्हणालो, "असू द्या मावशी, होतं असं."

मी तिला माफ केलं! बेडका नाही, टब नाही, ओंजळ नाही. त्या घरात मी पाहिलेली सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही होती, आणि ती माझ्या तोंडातून निघाली होती.

डॉक्टर म्हणाले, संसर्ग आहे, पाळणाघरात कळवा. मी कळवलं नाही. आठवड्यात आणखी दोन मुलं आजारी पडली, मग मावशी स्वतः. तिचा आवाज पार गेला. पाळणाघर बंद. पालकांच्या ग्रुपवर 'कधी सुरू होणार?' याची रीघ लागली. मी 'काळजी घ्या मावशी' लिहून खाली दोन फुलं टाकली. तीन आठवड्यांत एकेकाने दुसरी सोय बघितली, आम्हीही. ती भावाकडे अमरावतीला गेली, असं तिच्या सोसायटीच्या वॉचमनकडून कळलं. तिचा नंबर माझ्याकडे आहे. लावलेला नाही.

आता मुलगी जाते तिथे कॅमेरे आहेत, एसी आहे, सगळं लखलखीत.

परवा जेवताना तिचा घास तोंडातच घोळत राहिला. मी विचारलं, "घसा दुखतोय का गं?"

"नाही."

"खरं सांग. मी बाबा आहे ना?"

"नाही दुखत." तिने डोळे घट्ट मिटून घास गिळला. डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती, बरोबर सांगितलं ना, अशा नजरेने.