धर्मपालची एकच रांग

फुलसावंगीत घरोघरी इंटरनेट देणाऱ्या धर्मपालचा एक हट्ट होता: सगळ्याले सारखं. सरपंच असो की शेळ्या चारणारा, कोणाचं पुढे नाही, कोणाचं मागे नाही. गर्दी झाली की सगळ्यांचंच थोडं थोडं रेंगाळणार. जातीपायी त्याचा आजा विहिरीवर सगळ्यांचं भरून होईस्तोवर घागर घेऊन ताटकळायचा. तेव्हा हा हट्ट कुठून आला ते विचारायला नको.

पण याच हट्टापायी तांड्यावरच्या नेमसिंगशी त्याचं बिनसलं. नेमसिंगचाही हाच धंदा, फक्त लाइन दुसऱ्या कंपनीची. एकाची तुटली तर दुसऱ्याची कामी यावी म्हणून दोघांनी मध्ये वायर जोडली होती. नेमसिंग म्हणायचा, दवाखाना आधी जाऊ दे, सिनेमा मागून. शब्दाला शब्द वाढला आणि धर्मपालनं आपल्या टोकाची वायर उपसून टाकली. त्याला दोन वर्षं झाली.

त्या बुधवारी दुपारी भारताची मॅच होती. तीन वाजता सत्यशीलाचा फोन आला. भीमराज गवंड्याची ही मुलगी. हैदराबादच्या कंपनीत नोकरीसाठी तिची शेवटची मुलाखत व्हिडिओवर चालू होती. रडवेली झाली होती बिचारी.

"काका, चेहरे गोठून राह्यले. साहेब म्हणते, दहा मिनिटं थांबतो, मंग नाही."

धर्मपालनं वेग मोजला. ऐंशी, म्हणजे लाइन ठणठणीत! पुन्हा मोजला, पुन्हा ऐंशी. या आकड्याच्या नादात तीन मिनिटं गेली, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हा वेग त्याच्या कंपनीच्या घरातल्या घरातला. मॅचमुळे झालेली कोंडी पुढे होती, जिथे ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या जाळ्यांना मिळते तिथे. त्यानं कंपनीला फोन लावला, तर आपण रांगेत आहात म्हणे! घ्या आता.

उरली नेमसिंगची लाइन. पण अख्खं गाव तिकडे लोटलं तर तांडाही बुडाला असता. एकट्या सत्यशीलाचं घर वळवायचं, म्हणजे एकाला पुढे काढायचं. लाज वाटली त्याला, फार वाटली. तरी त्यानं नेमसिंगला फोन केला.

"वायर तुया हातानं काढली ना? तुयाच हातानं लाव," एवढंच बोलून नेमसिंगनं फोन ठेवला.

चार मिनिटं उरली होती. नेमसिंगचं टोक तरी कुठे शाबूत असणार, ते शोधण्यातच वेळ जाणार, असं म्हणत त्यानं धूळ फुंकली आणि वायर खोचली. दिवा लगेच हिरवा झाला. म्हणजे या माणसानं दोन वर्षं आपलं टोक काढलंच नव्हतं! धर्मपालची बोटं मात्र थांबली नाहीत. त्यानं भीमराजचं घर त्या वाटेवर टाकलं.

मग पाऊण तास तो खुर्चीला खिळून बसला. अखेर सत्यशीलाचा फोन आला. मुलाखत पुरी झाली होती, निकाल पुढच्या आठवड्यात.

धर्मपालनं पुन्हा नेमसिंगचा नंबर लावला.

"माया लाइनीवर दवाखाना आधी टाकून राह्यलो," तो म्हणाला. "अजून कोन कोन, ते तू सांग."