पहिला फर्मा

"बाई सातवी शिकलेल्या आहेत. गोंधळ होतो त्यांचा. सांभाळून घ्या."

सर असं म्हणाले आणि हसले. दादरच्या एका छोट्या हॉलमध्ये, माझ्याच पुस्तकाच्या प्रकाशनात. समोर वीसेक माणसं. तीही हसली. मीपण हसले. हात जोडलेलेच होते माझे.

झालं होतं असं. एका ताईंनी तिथंच पुस्तक चाळलं आणि उभं राहून विचारलं, "प्रस्तावनेत कौसल्या विधवा आहे. आत तर तिचा नवरा धडधाकट आहे. नक्की काय?"

प्रस्तावना सरांची. चूक सरांची. गोंधळ माझा.

माझी कौसल्या शिवडीच्या गोदामात काट्यावर माल तोलते. नवऱ्याचं काम सुटलंय, तो घरी तिच्यासाठी भाकऱ्या थापतो. शेजारी त्याला हसतात. कादंबरीभर तो भाकऱ्या थापतो. एवढा जिवंत माणूस सरांनी मारून टाकला, कारण त्यांनी माझे कागद उघडलेच नव्हते.

आणि हे मला आधीच ठाऊक होतं. खरी लाज तिथं आहे.

मी लालबागला बाइंडिंगच्या कारखान्यात काम करते. हिंगोलीकडून आले त्याला बारा वर्षं झाली. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या घालायच्या, की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्मे एकावर एक लावायचे, शिवायचे. शाळा सुटली ती सुटलीच, माझं वाचन ह्या घड्यांवर झालं. गोष्टीचा शेवट आधी हाताला यायचा, सुरुवात जेवणाच्या सुट्टीनंतर. मधला फर्मा दुसऱ्या बाईच्या ढिगात. मग मधलं मनानं भरायचं. असं भरता भरता लिहायला लागले.

प्रकाशकांनी साधी पोचही दिली नाही. म्हणून स्वतःच छापायचं ठरवलं. मालक म्हणाले, "घड्या तूच घाल, शिलाई तूच कर, मशीन वापर." त्यांचे उपकार मोठे. मला कुणी बसायला स्टूल दिलं तरी मी तीनदा थँक्यू म्हणते. सतत वाटतं, आपल्याला इथून कुणीतरी उठवेल.

सगळे म्हणाले, मोठ्या माणसाची प्रस्तावना हवी, त्याशिवाय पुस्तकाकडे कुणी बघत नाही. म्हणून कादंबरीचे कागद घेऊन गिरगावात सरांकडे गेले. निवृत्त प्राध्यापक. मी बाहेरच्या खोलीत उभी. सर म्हणाले, "आमची जुनी पुस्तकं सुटलीत. तेवढी बांधून आणा, मग तुमचं बघू."

चार महिने पिशव्या भरून पुस्तकं नेली, आणली. कापडी पाठ, वर सोनेरी अक्षरं. दर खेपेला माझे कागद टेबलावर तिथंच, तसेच, दोरीची गाठ माझीच. तरी मी म्हणायचे, सर कामात असतील.

शेवटी प्रस्तावना मिळाली. बंद पाकिटात. "थेट प्रेसला द्या." मी थेट प्रेसला दिलं. उघडून बघायचं सुचलंसुद्धा नाही. आनंदानं जिन्यात रडले मात्र.

छापून आली तेव्हा घडी घालता घालता वाचली. 'एका विधवेची करुण कहाणी.' 'अल्पशिक्षित लेखिकेच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात.'

फोन लावला. "सर, कौसल्याला नवरा आहे."

"असू दे हो, बाई. तिला विधवाच शोभते."

"बरं, सर," म्हणाले. आणि घडी घातली. पट्टीनं दाबली. एकेक करत पाचशे. माझ्या हातानं.

आणि त्या दिवशी हॉलमध्ये सरांच्या पाया पडले. बाहेर आल्यावर आमच्या मावशी, कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या, तीस वर्षं घड्या घालत आलेल्या, भर रस्त्यात थांबल्या.

"अगो, तो चारचौघांत तुका येडी ठरयता, आणि तू त्याच्या पायां पडतंस? तुझ्या कौसल्येन असा केल्यान असता काय गो?"

नसतं केलं. कौसल्येनं सरांनाच काट्यावर उभं केलं असतं. मी जिला लिहिलं तिला जे जमतं, ते मला जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर गठ्ठे सोडले. पहिला फर्मा पूर्ण सरांच्या प्रस्तावनेचा. कव्हर सोडवायचं, दोरा कापायचा, पहिला फर्मा उपसायचा, उरलेलं पुन्हा शिवायचं. मावशी समोर बसल्या, सुईत दोरा ओवून दिला. आठवडा लागला. बोटं सोलून निघाली. हलकं वगैरे काही वाटलं नाही. दमले फक्त.

कुणीतरी नवी प्रत दाखवली असावी, सरांचा फोन आलाच. "माझी प्रस्तावना काढलीत? कोण हात लावणार आता तुमच्या पुस्तकाला?"

मी म्हणाले, "तुम्हीही लावला नव्हता, सर."

सरांनी फोन बंद केला.

सर खोटं बोलले नव्हते. दादरच्या दुकानदारानं पुस्तक उलटंपालटं केलं, विचारलं, "प्रस्तावना कुणाची?"

"कुणाचीच नाही."

त्यानं ते परत माझ्या हातात दिलं. मी थँक्यू म्हणाले नाही.

आता दुसरी कादंबरी लिहितेय. कुणाच्या टेबलावर ठेवणार नाही. चुका असतील, तर त्या माझ्या असतील आणि त्यांचा जाब मी देईन. पुस्तक उघडलं की पहिलं वाक्य माझं असेल. ज्याला ते चालत नाही, त्यानं मिटून ठेवावं.