कप्तानाचा उजवा पाय

"माणूस जातो कुठे ते नंतर बघावं, आधी तो झोपतो कुठे ते बघावं," असं कप्तान एकदा म्हणाले होते, आणि तेही एका जुन्या बोटीच्या पोटात, आडवं पडून, डोळे मिटून.

कप्तान म्हणजे गादीवाले. आयुष्यभर त्यांनी गाद्या भरल्या आणि विकल्या. जहाज सोडाच, साधी होडीही त्यांच्या मालकीची कधी नव्हती. दुकान विकून मोकळे झाल्यावर ते बंदराच्या धक्क्यावर विकायला काढलेल्या बोटी बघत हिंडू लागले, तेव्हा इमारतीतल्या कुणीतरी त्यांना हे नाव ठेवलं. ठेवलं होतं चेष्टेनं. पुढे चेष्टा झिजून गेली आणि नाव तेवढं उरलं. घरातही ते पोचलं. बायको वैतागली की आतून हाक यायची, "कप्तान, दूध उतू जातंय, तेवढं वाचवा."

त्यांना हवं होतं ते सांगायला सोपं होतं. एक शिडाची बोट, फार मोठी नको. आत दोन माणसांना झोपता यावं, चहा टाकता यावा, पावसात कोरडं बसता यावं. तिच्यातून किनाऱ्याच्या कडेकडेनं जायचं, एका बंदरात आठवडा, दुसऱ्यात महिना, कुणी वाट बघत नाही आणि कुठे पोचायचं नाही. शिडं कशी ओढायची, नांगर कसा टाकायचा हे ते धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या खलाशाकडून शिकूनही आले होते. एवढं सगळं सांगून झालं की ते जरा थांबायचे आणि म्हणायचे, "दोघांनी." गादी शिवून झाल्यावर दोरा ओढून शेवटची गाठ मारावी, तसा तो शब्द यायचा.

हे वेड शिरलं ते दुकानातूनच. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा एक परगावचं म्हातारं जोडपं दुकानात आलं. ती दोघं बोटीत राहायची आणि त्यांना बोटीच्या टोकातल्या जागेत बसेल अशी गादी हवी होती. माप घ्यायला गादीवाले बोटीत उतरले. पुढे दोन भिंती एकमेकींकडे झुकत झुकत मिळालेल्या, त्यामुळे झोपायची जागा तिकोनी. तिकोनी गादी त्यांनी कधी बनवली नव्हती. तपकिरी कागद पसरून त्यांनी नमुना कापला, घरी येऊन गादी भरली, आणि बायकोनं जमिनीवर बसून, उजवा पाय दुमडून, दाभणानं तिला टाके घातले. टाके घालण्याचं काम नेहमी तिचंच असे. नवऱ्याचा टाका तिला पसंत नव्हता. "तुमच्या टाक्यांना लाज वाटते सरळ जायची," असं ती म्हणायची.

गादी पोचवायला गेले तेव्हा म्हातारीनं त्यांना चहा दिला. बोट जराशी कलली. कपातला चहा एका बाजूला सरकला, पण छताला टांगलेला कंदील जागचा हलला नाही, सरळ लोंबत राहिला. त्यांना पहिल्यांदा कळलं की हललंय ते घर, कंदील नव्हे. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून ते धक्क्यावर गेले तर बोट गेलेली. तिच्या जागी पाणी होतं, आणि पाण्याला कशाचीच आठवण नव्हती. आठवण राहिली ती यांना. तो तपकिरी कागद त्यांनी दुकानाच्या दारामागे खिळ्याला अडकवला, तो दुकान विकेपर्यंत तिथेच होता.

दुकानाची एक पद्धत होती. डबल गादी एकट्याला विकायची नाही. नवरा एकटा आला तर गादीवाले म्हणायचे, "दुसरं माणूस घेऊन या." गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, मी सांगतो ना, तिला चालेल." गादीवाले मान हलवायचे. "तिला चालेल हे तिची पाठ सांगेल. तुम्ही नाही." मग दोघं यायची, गादीवर निजायची, लाजायची, हसायची. पुरुषाच्या कमरेखाली हे हात घालून बघायचे पोकळी किती राहते ते, बाईच्या कमरेखाली बायको बघायची. दोघांचं जमलं तरच सौदा. असं कित्येक गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात गेलं. पण गेलेलंही परत यायचं, पाठ धरून.

आणि जमिनीवर बसून वर्षानुवर्षं गाद्या शिवता शिवता बायकोचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता हा एवढाच वाकणार. एवढाच म्हणजे फारसा नाहीच. ती जिना उतरायची तो तिरकी होऊन, डावा हात कठड्यावर, आधी ताठ उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी, मग पुन्हा उजवा. दोन मजले उतरायला तिला इतका वेळ लागायचा, की खाली गेल्यावर कशाला आले हेच विसरते, असं ती सांगायची आणि स्वतःच हसायची.

निवृत्तीनंतर पहिली बोट बघायला दोघंही गेली होती. हिरवी बोट, अरुंद, लांब, पुढे निमुळती. बोटींच्या दलालानं झाकण उघडलं. आत जायला उभी शिडी होती, भिंतीला चिकटलेली. बायकोनं आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही बघून या. मी इथे वारा खाते." कप्तान उतरले. पुढच्या टोकात तिकोनी जागा होती, तशीच. ते तिच्यावर आडवे झाले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. डोक्यावर कंदील सरळ लोंबत होता. सुरुवातीचं ते वाक्य त्यांनी तेव्हाच दलालाला ऐकवलं. वरून बायकोनं विचारलं, "अहो, कशी आहे?"

"बरी नाही," ते खालून म्हणाले. "ओल आहे."

घरी आल्यावर त्यांनी गादीच्या जाड कापडाचा एक पट्टा शिवला. दोन्ही बाजूंना लाकडाच्या पातळ पट्ट्या घातल्या, वर-खाली बंद लावले. त्यानंतर बोट बघायला ते एकटेच जायचे. बंदराच्या गोदामाआड उभं राहून विजारीच्या आत उजव्या गुडघ्याला तो पट्टा आवळायचा आणि मग ताठ पायानं धक्क्यावर यायचं. बोटीत चढायचं त्या पायानं, उतरायचं त्या पायानं, झोपायच्या जागेवर निजायचं आणि उठायचं त्याच पायानं. तिला जमेल का, हे ते तिच्या पायानं बघत होते. एखाद्या बोटीची पायरी उंच, एखादीत धरायला काही नाही, एखादीत निजलं की उठताच यायचं नाही. एकदा तर दलालाला त्यांना काखेत हात घालून वर ओढावं लागलं. "नको," कप्तान धापा टाकत म्हणायचे, "ही नको."

दलालाला वाटलं, म्हाताऱ्याचा पाय बिघडला. त्यानं भलेपणानं काही विचारलं नाही. उलट लंगड्या माणसाला झेपतील अशाच बोटी तो शोधू लागला, रुंद, बसक्या, कपाटासारख्या. कप्तान त्या बघायचे आणि परतताना हिरवी जिथे बांधलेली असायची तिथे थांबायचे. पुढे ती कुणीतरी नेली. तरी ते तिथे थांबायचेच.

अशी वर्षं गेली. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, तुम्ही बोट बघताय की जावई? माझ्या वेळी एवढी चौकशी केली नव्हतीत."

"तेव्हा परत करायची सोय होती," कप्तान म्हणायचे.

रात्री जेवण झालं की ते बायकोच्या तेलाच्या बाटलीतलं तेल स्वतःच्या उजव्या गुडघ्याला चोळायचे. पट्ट्यानं पाय आंबून जायचा. बायको बघायची. "माझं दुखणं पसरलं वाटतं," म्हणायची. "धक्क्यावरचा वारा बाधतो," ते सांगायचे. तिला आपलं वाटे, नवऱ्याला निवड जमत नाही. दुकानात दुसऱ्यांना निवडून द्यायचं सोपं असतं. आणि तिला हेही दिसत होतं की रोज संध्याकाळी खिडकीत बसून तो माणूस छपरांच्या फटीतून दिसणाऱ्या पाण्याच्या बोटभर पट्टीकडे बघतो. जेवायला हाक मारली तर ओ देतो, पण वळायला वेळ लावतो.

एका दुपारी दलाल घरी आला. कप्तान पाव आणायला खाली गेले होते. बायकोनं दार उघडलं. दलाल दारातच धापा टाकत उभा राहिला, मागे वळून जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काकू, एवढा जिना काकांना कसा झेपतो हो? तो पाय घेऊन?"

"कुठला पाय?"

"उजवा. ताठ झालाय तो." आणि त्यानं तिथल्या तिथे, तिरका होऊन, डावा हात कठड्यावर ठेवून, एक पायरी उतरून दाखवली. "असे उतरतात ना. मला तर बघवत नाही."

ती चाल तिच्या ओळखीची होती.

"म्हणून तर धावत आलो. मनासारखी मिळालीय. रुंद पायऱ्या, दोन्हीकडे कठडा, काका डोळे मिटून उतरतील." तो खुर्चीवर टेकला. "तशी ती हिरवी पण आलीय पुन्हा विकायला. पण ती उभी शिडी. त्यांना कशाला सांगायचं, उगीच जीव खालीवर."

"तिच्यात ओल होती ना?" बायकोनं विचारलं.

"ओल? हिरवीत?" दलालाला ते लागलं. "अहो, खडखडीत कोरडी बोट ती. पापड वाळवा आत."

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. कप्तान दोन दोन पायऱ्या गाळत वर आले, हातात पाव, काखेत पिशवी, आणि खुर्चीवर दलाल दिसताच दारातच थबकले. दलाल त्यांच्या पायाकडे बघत राहिला. कप्तानांनीही आपल्या पायाकडे पाहिलं. मग उगाच थोडंसं लंगडत ते आत आले.

"राहू द्या काका," दलाल उठून म्हणाला. "मला एवढंच सांगा, बरे कधी झालात? म्हणजे मी कधीपर्यंत कपाटं शोधत होतो ते तरी कळेल." तो रागावला होता, पण हसूही येत होतं, आणि दोन्ही एका तोंडात मावेनात म्हणून तो निघून गेला. जाताना म्हणाला, "दोन्ही बोटी उद्या दुपारपर्यंत धरून ठेवतो. त्यापुढे नाही."

दार लागलं. पाव टेबलावर होता. बायको टेबलाशी बसली, उजवा पाय समोर लांब करून.

"दाखवा," ती म्हणाली.

त्यांनी पिशवीच्या तळातून पट्टा काढून टेबलावर ठेवला. तिनं तो हातात घेतला, उलटा केला, बोटानं शिवण चाचपली. कापड घामानं काळपट पडलं होतं. "टाका अजून तसाच," ती म्हणाली. "सरळ जायची लाज."

कप्तान उभेच होते.

"हिरवीत ओल नव्हती."

"नव्हती."

"डबल गादी तुम्ही एकट्याला कधी विकली नाहीत. लोकांना हाकलून दिलंत. दुसरं माणूस आणा म्हणालात." तिचा आवाज चढला नाही. "आणि माझा गुडघा मात्र न विचारता घेऊन धक्काभर हिंडलात."

"तुला शिडी जमणार नव्हती."

"शिडीचं नाही म्हणत मी. मला बोटीत राहायचंय का, हे कुणी विचारलं?"

"तू म्हणाली होतीस," कप्तान म्हणाले. "त्या म्हाताऱ्यांच्या गादीला टाके घालताना. म्हणालीस, हिच्यावर निजून कसं वाटत असेल."

तिनं जरा आठवून पाहिलं. मग म्हणाली, "ते गादीबद्दल म्हटलं होतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, तेवढा आवाज आला. इतकी वर्षं एक वाक्य छातीशी धरून हा माणूस पाण्याकडे बघत आला होता. ते वाक्य आता टेबलावर पडलं होतं, पावाच्या शेजारी, आणि गादीएवढंच होतं.

"मला पाण्याची भीती नाही," ती सावकाश म्हणाली. "पण मला ही खुर्ची आवडते. सकाळी या खिडकीतलं ऊन आवडतं. इथून कुठे जावंसं मला कधी वाटलं नाही. तुम्हाला वाटत होतं, म्हणून मी गप्प राहिले. वाटलं, बघतायत तोवर बघू देत, मिळत तर नाहीच." तिनं पट्ट्याची नीट घडी घातली. "ती हिरवी घ्या. खरंच सांगते. तुम्ही जा, महिनाभर फिरा, परत या, मला सांगा. मी इथे असेन."

कप्तानांनी खिडकीकडे पाहिलं. छपरांच्या फटीत पाणी होतं, दुपारचं, रंग नसलेलं. मग तिच्या लांब केलेल्या पायाकडे पाहिलं. खुंटीवरची टोपी घेतली.

"आत्ता कुठे? उद्या दुपारपर्यंत आहे म्हणाला ना," ती म्हणाली. "अहो, कोणती घेताय ते तरी सांगा."

ते दार उघडून बाहेर पडले. ती खुर्चीला धरून उठली आणि पाय ओढत दारापर्यंत आली. पट्टा टेबलावरच होता. तरी जिन्यात कप्तान उतरत होते ते तिरके होऊन, डावा हात कठड्यावर, आधी ताठ उजवा पाय, मग डावा त्याच्या शेजारी, मग पुन्हा उजवा.