मॅडमचं लॅन्थॅनम

‘अंदाजे म्हणजे किती?’ हा मॅडमचा ठरलेला प्रश्न. नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवत. एकदा पिंपळगावला व्याख्यानाला जाताना द्राक्षाच्या टेम्पोंमध्ये आमची गाडी अडकली. ड्रायव्हर म्हणाला, अंदाजे अर्धा तास लागेल. त्यालाही त्यांनी तेच विचारलं. तो बिचारा आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मुलं त्यांना मागून ‘काटा मॅडम’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

त्या व्याख्यानात त्यांनी आपलं काम सांगितलं. लोखंडाहून जड असलेली बरीच मूलद्रव्यं म्हाताऱ्या ताऱ्यांच्या पोटात तयार होतात. अणूचं केंद्रक एकेक न्यूट्रॉन गिळतं आणि जड होत जातं. कोणतं केंद्रक किती सहज गिळतं हे इथे मोजलं, तर तिथे काय किती तयार झालं असेल ते कळतं. द्राक्षं भरण्याच्या पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या एका बाईंनी विचारलं, “मॅडम, हे मोजून मिळतं काय?”

“मिळत काही नाही. कळतं,” मॅडम म्हणाल्या. बाईंना ते पटलेलं दिसलं.

मी त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. मुंबईच्या प्रयोगशाळेत न्यूट्रॉनचा झोत मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मॅडमच्या निवृत्तीआधी तो एकदाच मिळणार होता. लॅन्थॅनम या अशाच एका जड मूलद्रव्याच्या ऑक्साइडची पांढरी भुकटी दाबून त्यांनी स्वतः गोळी बनवली, स्वतः वजन केलं. श्रावण चालू होता. परदेशातल्या जुन्या मोजणीच्या मानानं लॅन्थॅनम न्यूट्रॉन फारच कमी गिळतं असं आमच्या मोजणीत निघालं. म्हणजे ताऱ्यांमध्ये ते समजलं जातं त्याहून जास्त उरत असणार. आमचा शोधनिबंध परिषदेत स्वीकारला गेला. मॅडमनी सगळ्या विभागाला पेढे वाटले.

परिषदेच्या थोडं आधी त्यांनी उरलेली भुकटी भट्टीत तापवली आणि पुन्हा वजन केलं. ते कमी भरलं. भुकटीनं हवेतला ओलावा पिऊन घेतला होता आणि आम्ही ते पाणी लॅन्थॅनम म्हणून मोजलं होतं. तेवढं वजा करू या, असं मी सुचवलं.

“मोजणीच्या दिवशी गोळीत किती पाणी होतं ते आपल्याला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आता वजा केलं, तर आपल्याला हवा तो आकडा येईल.”

परिषदेत त्या उभ्या राहिल्या आणि गोळी कशी बनवली, चूक कुठे झाली, हे सावकाश सांगून त्यांनी निबंध मागे घेतला.

माझा प्रबंध लांबला आणि ठरत आलेली नोकरी हातची गेली. घरी काय सांगायचं मला कळेना. मॅडम स्वतः माझ्याबरोबर हरसूलला आमच्या घरी आल्या. माझ्या वडिलांसमोर ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं की चूक त्यांची आहे, माझी नाही. वडील म्हणाले, “पोरीची वर्षं चाललीत, मॅडम.”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “ती मला भरून देता येणार नाहीत.”

वडिलांनी चहा टाकायला सांगितला. मॅडमबद्दल त्यांनी पुढे कधी वाकडा शब्द काढला नाही.

मॅडम निवृत्त होऊन कळवणला भावाकडे राहायला गेल्या. आम्हाला झोत पुन्हा मिळाला तेव्हा मुंबईला मी एकटी गेले. या वेळी गोळी कोरडी ठेवली होती. आकडा आला तो जवळजवळ परदेशातल्या त्या जुन्याच मोजणीइतका. नवं काहीच निघालं नव्हतं. प्रबंध झाला, मला नोकरीही लागली, पण तो आकडा मॅडमना फोनवर सांगवेना, म्हणून कळवणला गेले.

त्या आजारानं खूप उतरल्या होत्या. ती आमची शेवटची भेट. अंगणात खाटेवर बसून त्यांनी आलेख डोळ्यांजवळ धरून पाहिला. त्यांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. त्यांचा चेहरा मात्र उजळत गेला.

“बरं झालं गं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे आधीच्या लोकांनी नीट मोजलं होतं.”

ती माणसं दूरदेशीची होती. मॅडम त्यांच्यापैकी एकालाही कधी भेटल्या नव्हत्या.