बिननावाची फर्माईश

वरातीत फर्माईशीची चिठ्ठी आली की बँडचा गायक गनी आधी ती डोळ्यांनी वाचायचा. मग माइक तोंडाशी धरून नाव असं लांबवायचा, की ज्याचं नाव असेल त्याची छाती फुगलीच पाहिजे. "असोद्याच्या नानांतर्फे, नवरदेवाच्या मोठ्या मामांसाठी!" आणि मग गाणं.

जळगाव-चोपड्याच्या पट्ट्यात गनीचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. तो दोन्ही आवाजांत गायचा. पुरुषाची ओळ संपली की पुढच्याच श्वासात तो बाईच्या आवाजात उत्तर द्यायचा. नवखे पाहुणे बँडच्या गाडीमागे बाई शोधत फिरायचे. म्हाताऱ्या बाया पदरात तोंड लपवून हसायच्या आणि 'आणखी एक म्हण' असा निरोप पाठवायच्या.

बाईचा आवाज लावताना मात्र गनीची मान आपोआप डावीकडे वळायची. डावीकडे क्लॅरिनेट घेऊन झुलाल उभा असायचा. खालच्या पट्टीतून वर जाण्याआधी झुलाल अर्धी फुंक मारून सूर द्यायचा आणि गनी तो सूर धरून चढायचा. असे तेवीस हंगाम गेले. बँडच्या लाइनीत शेजारी उभं राहून वाजवणाऱ्याला जोडीदार म्हणतात. झुलाल गनीचा जोडीदार होता हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामुळेच त्यापुढचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. लग्नसराईत दोघं एका ताटात जेवायचे, एका सतरंजीवर झोपायचे. बँडवाले सगळेच तसे झोपतात. लग्नसराई हाच त्यांचा संसार होता. पाऊस लागला की झुलाल चोपड्याकडच्या आपल्या गावी जायचा, बायकोकडे, वच्छलाबाईकडे, आणि मुलाकडे. गनी पिंप्राळ्यात बहिणीकडे, साबेराकडे. मग चार-पाच महिने बोलणं नाही. त्या काळी दोघांकडे फोन नव्हते, आणि नंतर आले तरी फोनवर काय बोलायचं हे दोघांना कधी जमलं नाही.

प्रत्येक वरातीत, मांडव दिसायला लागला की, गनी एक गाणं चिठ्ठीशिवाय म्हणायचा.

"ही फर्माईश एका मित्रातर्फे, एका मित्रासाठी."

बँडचा मालक प्रेमराज वैतागायचा. "अरे गनी, नाव नसलेली चिठ्ठी घेतो कशाला तू? नाव ऐकायलाच तर लोक नाचतात!"

"लिहायचं विसरला असेल बिचारा," गनी म्हणायचा. झुलाल तेव्हा क्लॅरिनेटची पट्टी पुसत खाली बघून हसायचा.

मग झुलालचे पुढचे दात गेले. दातांशिवाय क्लॅरिनेट धरता येत नाही. कवळी लावून त्याने एक हंगाम काढून पाहिला, पण सूर घसरायचा. मुलगा त्याला आणि वच्छलाबाईला धुळ्याला घेऊन गेला. गनी एकटाच गात राहिला. डावीकडे आता कॅसिओवाला आला होता.

त्याच सुमाराला असोद्याचा स्वप्नील गनीकडे शिकायला आला. इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष सोडून आला होता म्हणून घरी त्याला कोणी विचारत नव्हतं. गळा असा होता की गनीने पहिल्याच दिवशी साबेराला सांगितलं, "हा इथं राहणार नाही." तीन हंगाम तो गनीसोबत गायला. दोन्ही आवाज उचलले, चिठ्ठी वाचायची ढबही उचलली. मग मुंबईला गेला, आणि सहा वर्षांनी टीव्हीवर दिसला.

गाण्यांतून गोष्ट सांगायचा तो कार्यक्रम होता. स्वप्नील दोन्ही आवाजांत गायचा. अर्ध्या बाजूला शेरवानी, अर्ध्या बाजूला शालू. पहिल्या आठवड्यात लोक हसले. तिसऱ्या आठवड्यात परीक्षक रडले. पाचव्या आठवड्यापर्यंत जळगावच्या रिक्षांवर त्याचे फोटो लागले. आणि आठव्या आठवड्यात त्याने माइक तोंडाशी धरला, गनीसारखंच नाव लांबवलं आणि म्हणाला, "ही फर्माईश स्वप्नीलतर्फे, माझा जोडीदार अर्हम याच्यासाठी!" पहिल्या रांगेतला एक चष्मेवाला मुलगा उभा राहिला. कॅमेरा त्याच्यावर थांबला.

असोद्यात पेढे वाटले गेले. स्वप्नीलच्या वडिलांना वाटलं, पोराने आपल्या साथीदाराचं नाव घेतलं. बँडमधला पोरगा, जोडीदाराला विसरला नाही. दुसऱ्या दिवशी स्वप्नीलची मुलाखत छापून आली, अर्हमसोबत संसार थाटल्याची. तिसऱ्या दिवशी वडिलांनी दुकान उघडलं नाही.

स्टॅंडजवळच्या चहाच्या टपरीवर प्रेमराजने गनीला गाठलं.

"काय उस्ताद! चेल्याने तर नाव काढलं."

"गळा चांगलाय त्याचा."

"गळा राहू दे. दोन आवाज शिकवताना तुम्ही आणखी काय काय शिकवलं, ते विचारतायत लोक." टपरीवर हशा पिकला. प्रेमराजने गनीच्या पाठीवर थाप मारली. "मस्करी हो! साखर वाढवा रे उस्तादांच्या चहात, गोड आवाज लागतो त्यांना."

गनीही हसला. चहा मात्र त्याला संपवता आला नाही.

त्या शनिवारी चॅनेलची मुलगी कॅमेरावाल्याला घेऊन पिंप्राळ्याला आली. साबेराने चांगले कप काढले. गल्ली दारात जमली. मुलगी चांगली होती, हसून बोलत होती.

"स्वप्नील म्हणतो, जोडीदार हा शब्द मी उस्तादांकडून शिकलो. काय अर्थ असतो या शब्दाचा?"

गनीने दाराकडे पाहिलं. गर्दीत प्रेमराज होता. मशिदीजवळचा किराणावाला होता.

"आमच्यात शेजारी वाजवणाऱ्याला म्हणतात. बस."

"तुमचा जोडीदार कोण होता?"

सोपा प्रश्न होता. झुलाल एवढंच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत जिल्ह्यातल्या कितीतरी मामांची, आत्यांची, सरपंचांची नावं त्याने माइकवर घेतली होती.

"कुणी नाही," गनी म्हणाला. "बँडमध्ये माणसं येतात, जातात."

सोमवारी ते टीव्हीवर लागलं. संध्याकाळी स्वप्नीलचा मेसेज आला: 'उस्ताद, तुम्ही काळजी करू नका. मला कळतं.' याचा अर्थ, पोराला सगळं आधीपासून ठाऊक होतं. गनीने फोन उशीखाली ठेवला. त्याला स्वप्नीलची काळजी नव्हतीच. धुळ्यातल्या एका घरात टीव्ही होता, आणि झुलाल स्वप्नीलचा एकही भाग चुकवत नव्हता, हे त्याला झुलालच्या मुलाकडून कळलं होतं. त्याने ठरवलं, धुळ्याला जायचं. एकदा झुलालच्या समोर बसून त्याचं नाव घ्यायचं. मग उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी झुलालच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबांना लकवा मारला. दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, भेटायचं असेल त्यांना बोलवून घ्या."

गनी सकाळच्या एसटीने निघाला. पारोळ्यापर्यंत तो मनात ते वाक्य जुळवत होता.

दार वच्छलाबाईंनी उघडलं. लहान चणीची बाई, हातात ओला टॉवेल.

"या गनीभाऊ. बसा."

झुलाल खाटेवर होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मिटलेले. श्वास मोठा, खर्जातला. मुलगा, सून, नातवंडं खाटेभोवती उभी होती.

"परवापासून डोळे उघडले नाहीत," मुलगा म्हणाला. "बाबा, तुमचे जोडीदार आलेत."

गनी खाली बसला आणि त्याने पुन्हा सगळ्यांकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी त्याचं ते पाहणं पाहिलं.

"बठ्ठा बाहेर चाला रे," त्या म्हणाल्या. "भाऊसले बसू द्या."

सगळे बाहेर गेले. त्या स्वतः दारातच थांबल्या, पाठ करून.

गनी झुलालच्या कानाशी वाकला. माइक नव्हता, तरी हात मुठीसारखा तोंडाशी गेला.

"ही फर्माईश," तो म्हणाला, "गनीतर्फे, त्याचा जोडीदार झुलाल याच्यासाठी."

झुलालच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर होती. हीच बोटं क्लॅरिनेटच्या भोकांवर नाचायची. गनी त्यांच्याकडे बघत राहिला. एकही हललं नाही. श्वास तसाच, एका लयीत चालू होता. त्याने पुन्हा एकदा म्हटलं, मोठ्याने. बाहेर नातवंडं बोलायची थांबली. बोटं हलली नाहीत.

"आयकू गयं व्हई का?" वच्छलाबाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

"नाही वहिनी. उशीर झाला."

त्या आत आल्या. ओल्या टॉवेलने त्यांनी नवऱ्याच्या ओठाचा कोपरा पुसला.

"तुमले टीवीवर देखं ना, त्या दिन ह्या जेवनात नहीत. माले म्हने, टीवी बंद कर." त्यांनी टॉवेलची घडी घातली. "मी काय आंधळी नव्हती, भाऊ."

गनीने हात जोडले. त्यांनी ते हात पाहिले आणि त्या खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसल्या.

"आते मना नावनं एक म्हना," त्या म्हणाल्या. "चाळीस वरीसमा यासनी मनासाठे एक गाणं वाजाडं नही. वच्छलाबाईतर्फे, म्हना. बाईना आवाजमा."

गनीने नाव घेतलं. नीट, लांबवून, जसं सरपंचांचं घ्यायचा तसं. "वच्छलाबाईंतर्फे, झुलालभाऊंसाठी." मग सवयीने मान डावीकडे वळवली आणि सुराची वाट पाहिली. सूर द्यायला कुणी नव्हतं. त्याने अंदाजानेच आवाज वर नेला. पट्टी चुकली, आवाज फाटला. तो थांबला, घसा साफ केला, पुन्हा खालून सुरुवात केली.

वच्छलाबाई नवऱ्याचा हात हातात घेऊन ऐकत होत्या. "म्हना," त्या म्हणाल्या. "चुकनं तरी म्हना."